फ्रेझल व्हर्बला नियम नसतात, असे म्हणणाऱ्यांसाठी

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर एक संदेश फिरत असतो आणि पुन्हा पुन्हा पुढे पाठवला गेल्यामुळे आता तो अनेकांना व्याकरणाचा नियमच वाटू लागला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे: ‘गिव्ह अप’, ‘पुट ऑफ’, ‘लुक आफ्टर’ यांसारखी फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला छोटा शब्द जोडून झालेले प्रयोग, ही बोलण्यापुरती, हलकी इंग्रजी आहे आणि औपचारिक लेखनात त्यांच्या जागी एकच भारदस्त शब्द वापरावा, क्रियापदापुढचा छोटा शब्द प्रीपोझिशन (पुढच्या नामाशी नाते जोडणारा शब्द) असतो आणि तो क्रियापदापासून कधीही तोडू नये, आणि या सगळ्याला कोणतेच सूत्र नसल्यामुळे यादी पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. हा सल्ला परीक्षेची आणि मुलाखतीची तयारी करणाऱ्या मुलांना नाहक घाबरवतो, म्हणून त्यातले एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान फ्रेझल व्हर्बच्या दर्जाबद्दल आहे. भारतीय राज्यघटनेच्या इंग्रजी पाठातील अनुच्छेद 19(1)(g) उघडून पाहावा. कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क देताना तिथे ‘टू कॅरी ऑन एनी ऑक्युपेशन, ट्रेड ऑर बिझनेस’ असे शब्द आहेत. लवादाचा निवाडा रद्द करण्यासाठी 1996च्या लवाद कायद्याच्या कलम 34मध्ये ‘सेटिंग असाइड’ हाच शब्दप्रयोग आहे, आणि कंपनी कायद्यात कंपनी गुंडाळण्याला ‘वाइंडिंग अप’ व भरणा झालेल्या भांडवलाला ‘पेड-अप कॅपिटल’ म्हणतात. कायद्याच्या मसुद्याइतके औपचारिक लेखन दुसरे कोणते असणार? ‘मेस अप’ किंवा ‘चिल आउट’ यांसारखे प्रयोग अर्जात शोभत नाहीत हे खरे. पण तो त्या त्या शब्दांचा स्वभाव आहे, संपूर्ण वर्गाचा दोष नाही. उलट प्रत्येक ठिकाणी भारदस्त शब्द घालण्याच्या हट्टापायी ‘आय गेट अप ॲट सिक्स’ऐवजी ‘आय अराइज ॲट सिक्स’ असे लिहिले जाते. व्याकरणात ते बसते, परंतु आज रोजच्या बोलण्यात असे कोणी म्हणत नाही.

दुसरे विधान अधिक घातक आहे, कारण त्यामुळे वाक्येच चुकतात. क्रियापदापुढे येणारा छोटा शब्द कधी प्रीपोझिशन असतो, तर कधी क्रियाविशेषण, आणि दिसायला दोन्ही अगदी सारखेच असतात. ‘ही रॅन अप अ हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात ‘अप’चे नाते टेकडीशी आहे; तो टेकडीवर धावत गेला. दुसऱ्यात ‘अप’चे नाते ‘रॅन’शी आहे; त्याने बिल वाढवून ठेवले. म्हणूनच टेकडीबद्दल सर्वनाम वापरायचे झाल्यास ‘ही रॅन अप इट’ असे म्हणावे लागते आणि बिलाबद्दल ‘ही रॅन इट अप’ असे.

हीच खरी कसोटी आहे. छोटा शब्द क्रियाविशेषण असेल, तर नामरूपी कर्म त्याच्या आधीही येते आणि नंतरही: ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ दोन्ही बरोबर आहेत. मात्र कर्माच्या जागी सर्वनाम आले की ते मध्येच बसले पाहिजे. ‘टर्न इट ऑफ’ बरोबर, ‘टर्न ऑफ इट’ चूक. म्हणजे ज्या ठिकाणी संदेश ‘तोडू नका’ असे बजावतो, नेमक्या त्याच ठिकाणी तोडणे अनिवार्य असते. कर्म लांबलचक असेल, तर ते शेवटी ठेवणे सोयीचे जाते, कारण मध्ये आठ-दहा शब्द घातल्यावर ‘ऑफ’पर्यंत पोहोचेतो वाचकाचा धागा सुटतो. याउलट छोटा शब्द प्रीपोझिशन असेल, तर त्याचे कर्म नेहमी त्याच्यानंतरच येते: ‘लुक आफ्टर हिम’, कधीही ‘लुक हिम आफ्टर’ नाही. ‘लुक इट ओव्हर’ म्हणजे ते तपासून पाहा, आणि ‘लुक ओव्हर इट’ म्हणजे त्याच्यावरून पलीकडे पाहा; केवळ एका सर्वनामाच्या जागेने अर्थ बदलतो. कानालाही हा फरक कळतो. ‘टर्न इट ऑफ’मध्ये आघात ‘ऑफ’वर पडतो, तर ‘लुक ॲट इट’मध्ये ‘ॲट’ दबलेला राहतो.

तीन शब्दांच्या प्रयोगांची भीतीही इथेच ओसरते. ‘पुट अप विथ’मध्ये ‘अप’ क्रियाविशेषण आहे आणि ‘विथ’ प्रीपोझिशन, म्हणून सर्वनाम सर्वांत शेवटी येते: ‘पुट अप विथ देम’. ‘लुक फॉरवर्ड टू’ची रचनाही तशीच आहे. त्यातला ‘टू’ हा प्रीपोझिशन असल्यामुळे त्याच्यापुढे नाम किंवा ‘-इंग’ लागलेले रूप येते. नोकरीच्या पत्रांत वारंवार दिसणारे ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ म्हणूनच चुकते, तिथे ‘मीटिंग यू’ हवे.

आता सूत्र नसल्याचा दावा. ‘ईट अप’, ‘यूज अप’, ‘टेअर अप’ या सगळ्यांत ‘अप’ क्रिया तडीस गेल्याचे सांगतो. ‘गो ऑन’, ‘कॅरी ऑन’, ‘ड्राइव्ह ऑन’ यांत ‘ऑन’ ती सुरू राहिल्याचे सांगतो. मराठी माणसाला हे परके वाटण्याचे कारण नाही, कारण ‘खाऊन टाकले’ आणि ‘बोलत राहिला’ असे म्हणताना आपणही मुख्य क्रियापदाला जोड देऊन हेच काम करून घेतो. मूळ दिशेचा अर्थही पुष्कळदा शाबूत असतो: घर ‘बर्न डाउन’ होते, कारण ते जळून जमिनीवर कोसळते, कागद मात्र ‘बर्न अप’ होतो, कारण तो पुरताच संपतो. ‘गिव्ह अप’सुद्धा वाटतो तितका निराधार नाही. त्याचा ‘स्वाधीन करणे’ हा अर्थ 1611च्या इंग्रजी बायबलात येशूच्या मृत्यूच्या वर्णनात स्पष्ट दिसतो. तिथे ‘गेव्ह अप द घोस्ट’ म्हणजे त्याने प्राण सोडला, आत्मा स्वाधीन केला. स्वाधीन करण्यापासून सोडून देण्यापर्यंतची वाट फार लांबची नाही.

सगळेच असे उलगडते असा माझा दावा नाही. एकटा ‘मेक अप’ समेट करणे, रचून सांगणे, भरपाई करणे असे अनेक अर्थ वागवतो आणि ते वापरातूनच अंगवळणी पडतात. इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत परकीयांना सर्वांत जास्त अडचण या रचनेचीच होते असे नोंदवले होते. पण म्हणून त्याने हात टेकले नाहीत, असे प्रयोग काळजीपूर्वक टिपले आणि त्यामुळे शिकणाऱ्यांना ते दुर्लंघ्य राहणार नाहीत अशी आशाही व्यक्त केली.

नुसत्या याद्यांचा एक तोटा असा की चुकीचे प्रयोगही त्यांत शिरतात आणि तसेच पाठ होतात. ‘कोप अप विथ’ हा त्यांतला सर्वांत रुळलेला. ब्रिटिश किंवा अमेरिकन प्रमाण इंग्रजीत केवळ ‘कोप विथ’ आहे. ‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’ही अनावश्यक आहे, कारण ‘डिस्कस’ला थेट कर्म लागते. ‘आय पास्ड आउट इन 2019’ हे वाक्य भारतात पदवीबद्दल समजले जाते, पण परदेशातील ऐकणाऱ्याला तुम्ही बेशुद्ध पडलात असे वाटू शकते; ब्रिटनमध्ये हा शब्दप्रयोग शिक्षण पूर्ण केल्याच्या अर्थाने चालतो तो मुख्यतः लष्करी प्रशिक्षणाबाबत.

वहीत नोंद करायचीच असेल, तर चांगले विद्यार्थी-शब्दकोश करतात तशी करावी. ‘टर्न ऑफ’ एवढेच न लिहिता ‘टर्न समथिंग ऑफ’ असे लिहावे आणि ‘लुक आफ्टर समबडी’ असे लिहावे. कर्माची जागा नोंदीतच दिसली की कोणता छोटा शब्द क्रियाविशेषण आहे आणि कोणता प्रीपोझिशन, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.