लाल टिक आणि कलम ६६अ: तो मेसेज खोटा आहे

‘सरकार आता सगळे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज वाचतंय, तिसरी लाल टिक आली की कलम ६६अ खाली ग्रुप अ‍ॅडमिनला अटक’ असा मजकूर पुन्हा फिरतोय. तो खोटा आहे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तिसरी टिकच नाही.

आणि ६६अ, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा देणारं कलम, तर केव्हाच रद्द झालंय. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने ती लिहिली होती, दुसरीने लाइक केली होती! त्यानंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. तरीही पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवत राहिले, इतके की २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. संताप यायला हवा तो याचा.

अ‍ॅडमिनचं म्हणाल, तर संगनमत नसेल तर सदस्याच्या पोस्टसाठी त्याला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. धमकी देणाऱ्यावर किंवा द्वेष पसरवणाऱ्यावर इतर कलमं लागतात, ती वेगळी.

हा मेसेज पुढे ढकलू नका. माणसं घाबरून बोलायचीच थांबतात. कुणी ६६अ चं नाव घेऊन दमात घेत असेल, तर लेखी नोटीस मागा आणि वकिलाला २०१५ चा निकाल समोर ठेवायला सांगा.