पातळ तेल, जॅक आणि मेकॅनिकचं पोट: एसटीवाल्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

घरच्या पार्किंगमध्ये इंजिन ऑइल बदलण्याच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की तुमचं आयुष्य एसटीच्या डेपोत पिटात, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यात, उभं राहून गेलं, आणि असलं काही वाचून एखादं पोरगं गाडीखाली चेंगरेल. पुण्याच्या उन्हात पाण्यासारखं तेल घातलं म्हणून माझ्या इंजिनाची कीव केलीत. हजार रुपयांसाठी मेकॅनिकच्या पोटावर पाय दिला म्हणून मलाही सुनावलंत. चार दिवस उत्तर टाळत होतो, कारण पहिलाच मुद्दा झोंबला होता.

तो खरा आहे. फोटोत गाडी नुसत्या जॅकवर आहे आणि माझे पाय बाहेर दिसताहेत. गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरताच असतो, त्याच्या भरवशावर खाली शिरायचं नसतं, हे मला माहीत होतं. तरी शिरलो. त्यात आमच्या पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून उतार ठेवलाय. फोटो काढून टाकला आहे. आता पुढची दोन्ही चाकं चढवायला लोखंडी रॅम्प घेतलेत, सपाट जागा गाठतो, हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावतो. ज्याच्याकडे रॅम्प किंवा चांगले जॅक स्टँड नाहीत, त्याने हा उद्योग करू नये, असं लेखात सगळ्यात वर घातलंय.

तेलाबाबत मात्र तुमचं पटत नाही. बाहेर ४२ अंश असो वा १२, एकदा तापलं की थर्मोस्टॅट आणि पंखा मिळून इंजिनातलं पाणी ९० अंशांच्या आसपासच ठेवतात. मी घातलेल्या तेलाची ग्रेड ०डब्ल्यू-२०. त्यातला २० हा आकडा १०० अंशांना तेल किती दाट राहतं त्यावरून ठरतो. म्हणजे उन्हाचा हिशेब त्यात आधीच आलाय. खरी अडचण सकाळी गार इंजिन चालू करतानाची. हे ‘पातळ’ तेलसुद्धा ४० अंशांना, १०० अंशांच्या मानाने, साधारण पाचपट दाट असतं. २०डब्ल्यू-४० त्याहून कितीतरी दाट, म्हणजे ते वर इंजिनाच्या माथ्यापर्यंत, हेडपर्यंत, पोचायला जास्त वेळ लागणार, आणि तेवढा वेळ तिथला झडपा उघडणारा कॅमशाफ्ट जवळजवळ कोरडा फिरणार. तुमच्या बसच्या डिझेल इंजिनाला १५डब्ल्यू-४० शोभतं, कारण ते इंजिनच त्या हिशेबाने बांधलेलं. माझ्या २०१८ च्या पेट्रोल स्विफ्टमधल्या फटी आणि पंप वेगळ्या हिशेबाचे. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलंय, मी तेच घालतो, तीन लिटरच्या किंचित वर. मॅन्युअल २०डब्ल्यू-४० म्हणालं असतं तर तेही निमूट घातलं असतं.

आता मेकॅनिकचं पोट. पैसे वाचतात, नाही म्हणत नाही. पण मी हे सुरू केलं ते एका गॅरेजात ड्रेन बोल्टचे, म्हणजे खालून तेल सोडायच्या बोल्टचे, आटे गेले म्हणून. हवेच्या गनने बोल्ट आवळला होता. तेलाचं चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी, मग कोण हरणार? महिनाभर फरशीवर थेंब पडत होते आणि गॅरेजवाले म्हणत होते, ‘एसीचं पाणी असेल साहेब.’ एसीचं पाणी काळं कधीपासून झालं? तेव्हापासून तो बोल्ट टॉर्क पान्ह्याने, म्हणजे किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्ह्याने, मीच आवळतो. चुका माझ्याही होतात. पहिल्याच वेळी जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली, तिच्यावर नवा फिल्टर चढवला आणि गाडी चालू करताच खाली तळं. तेव्हा जो धावत आला तो आमच्या कोपऱ्यावरचा मेकॅनिकच. क्लच, ब्रेक, सस्पेन्शन आजही त्याच्याकडेच आहे, त्यामुळे त्याच्या पोटाची काळजी नको.

जुनं तेलही त्याच्याकडेच जातं. ‘ते कुठे ओतलंत हे सोयीस्कर गाळलंत,’ हा तुमचा टोमणा रास्त आहे. पत्र्याच्या डब्यात गाळून, फिल्टर रात्रभर उलटा निथळवून, सगळं त्याच्या पिंपात रिकामं करतो. ते पिंप भरलं की जुनं तेल गोळा करणारा घेऊन जातो. आमच्या गावी जळकं ऑइल कुंपणाच्या खांबांना फासायचे, वाळवी लागू नये म्हणून. मीही लहानपणी हात काळे केलेत. पण २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल येतं, आणि खांबाचं तेल पावसात शेवटी मातीतच उतरतं. म्हणून तेही बंद.

शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की ड्रेन बोल्टचा तांब्याचा वॉशर गॅसवर लाल करून पाण्यात टाकला की मऊ होतो आणि पुन्हा बसतो. मी दर वेळी नवा आणतो. एकच वॉशर असा किती वेळा चालवायचात, आणि तो आता टाकायचा हे कशावरून ओळखायचात, तेवढं जरा खुलासेवार लिहा.