समोरचा डिपर मारतो म्हणजे लाइट भारी नसते

गाडीला नवीन एलईडी बसवली की ती भारी आहे का, हे ठरवायची आपल्याकडे एक पक्की पद्धत आहे. रात्री हायवेला चक्कर मारायची आणि समोरून येणारे किती जण डिपर मारतात ते बघायचं. "समोरना गाडीवाला डिपर मारस, म्हंजे लाइट भारी शे भाऊ!" जळगावपासून शिरपूरपर्यंत कुठल्याही ॲक्सेसरीजच्या दुकानात हे ऐकायला मिळेल. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. समोरच्याने डिपर मारला, तर तुमचा तेवढा उजेड रस्त्यावर न पडता त्याच्या डोळ्यांत गेला. पैसे तुम्ही मोजले, उजेड त्याला मिळाला, आणि त्यालाही तो नको होता.

लाइट वाढवावीशी वाटते यात मात्र काही चूक नाही. कंपनीच्या साध्या हॅलोजनवर अमावास्येला चोपडा-यावल रस्त्याने येऊन बघा. कडेचे पांढरे पट्टे कुठे आहेत, कुठे पुसलेत. कापसाच्या दिवसांत बैलगाड्या आणि ट्रॉल्या, बहुतेकांना मागे रिफ्लेक्टर नाही. उन्हाळ्यात पारा ४५ कडे गेला की दिवसा कोण निघतो? लग्नाची वऱ्हाडं रात्रीच परततात. आणि रब्बीत शेतीची वीज रात्रीची असली की माणसं मध्यरात्री पाणी भरायला निघतात, कडेकडेने पायी किंवा दिवा नसलेल्या मोटारसायकलवर, अंगावर काळपट शाल. तो माणूस दिसला पाहिजे. त्यासाठी कोणी जास्त उजेड मागत असेल तर त्याला नावं ठेवणारा मी नाही.

पण तो माणूस दिसायची सोय कंपनीने लॅम्पमध्येच करून ठेवलेली असते, आणि बहुतेक वेळा आपण बल्ब बदलून नेमकी तीच घालवतो.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत एच-४ बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. आत दोन तारा. ५५ वाली तार डिपरची, म्हणजे खालच्या उजेडाची, आणि तिच्याखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ही वाटी खाली जाणारा उजेड अडवते. त्यामुळे रिफ्लेक्टरचा, म्हणजे लॅम्पच्या आतल्या चकचकीत आरशाचा, वरचाच भाग उजळतो आणि तिथून परतलेला उजेड खाली रस्त्याकडे जातो. भिंतीवर पाडून बघितलं तर वर अंधार, खाली उजेड आणि मधे स्पष्ट रेघ. ही रेघ डाव्या बाजूला १५ अंशांनी वर चढते. आपण डावीकडून चालतो, म्हणून डावीकडे. उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचतात आणि डाव्या कडेने चाललेला आपला पाणी भरणारा शेतकरी लांबून दिसतो. सगळी करामत त्या रेघेत आहे. (उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला स्वस्त लॅम्प ऑनलाइन मागवला, तर हीच रेघ उजवीकडे चढते, थेट समोरच्याच्या डोळ्यांत. हा लॅम्प कितीही महागडा दिसो, आपल्याकडे तो चुकीचाच.)

आता त्या जागी एलईडी खोचली की काय होतं? रिफ्लेक्टरचा आकार तारेच्या जागेवरून मिलिमीटरच्या हिशोबाने काढलेला असतो. एलईडीत तार नसते, पट्टीच्या दोन बाजूंना चिप चिकटवलेल्या असतात. जागा जरा हलली, आकार बदलला, की रेघ विस्कटते. होल्डरमध्ये बल्ब बसला म्हणजे तो लॅम्पला बसला असं होत नाही. चांगल्या बनावटीच्या बल्बांत चिप तारेच्या जागेच्या बऱ्याच जवळ आणलेली असते, पण तोही प्रत्येक गाडीच्या रिफ्लेक्टरात सारखा वागत नाही. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बांना रस्त्यावर परवानगी मिळाली, तीसुद्धा सरसकट नाही. कोणता बल्ब कोणत्या मॉडेलच्या गाडीत चालेल, याची यादी असते. आपल्याकडे यादी म्हणजे दुकानदार म्हणेल ती.

पाकिटावरच्या आकड्यांवर तर बोलायलाच नको. एच-४ हॅलोजन डिपरला साधारण १,००० ल्युमेन (उजेड मोजायचं माप) देतो, अप्परला म्हणजे लांबच्या उजेडाला १,६५० च्या आसपास. आणि पाकिटावर लिहिलेलं असतं २०,००० ल्युमेन, खाली बारीक अक्षरांत ४० वॅट. म्हणजे वॅटला ५००! बाजारातली चांगली एलईडी वॅटला शे-दीडशेच्या आसपास असते. हा हिशोब आठवीतल्या पोरालाही जमेल, पण दुकानात उभं राहून कोणी करत नाही.

तरी बसवणारा शपथेवर सांगतो की फरक पडला, रस्ता दुधासारखा दिसतो. तो खोटं बोलत नाही, पण नेमकं काय दिसतं ते विचारा. विस्कटलेला बराच उजेड बोनेटपुढच्या दहा-पंधरा मीटरांत सांडतो. जवळचं लख्ख झालं की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पंधरा मीटरांत दिसलेला खड्डा तुम्हाला फक्त दाखवला जातो, टाळायला मिळत नाही.

म्हणून कोणी विचारलं की लाइट वाढवायची आहे, काय घेऊ, तर माझं पहिलं उत्तर असतं, काही घेऊ नको. आधी काच बघ. आपल्या उन्हात लॅम्पची प्लॅस्टिकची काच काही वर्षांत पिवळी पडते. वॉटर पेपरने आधी जाड, मग बारीक असं घासून, पॉलिश मारून, वर उन्हापासून वाचवणारं कोटिंग दिलं की जुनाच बल्ब वेगळा वाटतो. कोटिंग मात्र टाळू नका, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात काच पुन्हा होती तशी. विंडशील्डही आतून-बाहेरून पुसा. समोरच्याची लाइट डोळ्यांत पसरते त्यात अर्धा वाटा कधीकधी आपल्याच मळक्या काचेचा आणि झिजलेल्या वायपरचा असतो.

मग वायरिंग. हा माझा आवडता विषय आहे, कारण पैशाच्या मानाने एवढा फायदा दुसऱ्या कशातच नाही. जुन्या गाडीत लाइटचा सगळा करंट बारीक वायरीतून, स्विचमधून फिरून बल्बपर्यंत येतो आणि वाटेतच गळतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा, मग लाइट पेटवून बल्बच्या कपलरवर. दीड व्होल्टाचा फरक सहज निघतो. हॅलोजनचं गणित असं आहे की व्होल्टेज १० टक्के घटलं तर उजेड ३० टक्क्यांनी घटतो. म्हणजे एक-तृतीयांश लाइट तुम्ही वायरीतच जाळताय! चांगल्या वायरीचं, फ्यूज आणि रिले (बॅटरीतून थेट बल्बला करंट सोडणारा स्विच) असलेलं हार्नेस, म्हणजे वायरींचा तयार संच टाकला, अर्थिंगची जोडणी साफ केली, की तोच ६०/५५ चा बल्ब खरा पेटतो. इथे एक मोह टाळायचा. रिले टाकलाच आहे तर १००/९० चा बल्ब लावू, असं वायरमन हमखास सुचवतो. ते नको. ते वॅटेज नियमात नाही, आणि त्या उष्णतेने होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो.

आणि शेवटी फोकस. सपाट जागा शोधा, जिनिंगच्या कंपाऊंडची भिंत उत्तम. टायरांत हवा बरोबर, एक माणूस ड्रायव्हर सीटवर, लाइटची उंची बदलायचं चाक असेल तर शून्यावर. भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा. लॅम्पच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूची रेघ मारा, तिच्याखाली दहा सेंटीमीटरवर दुसरी. डिपरची वरची कड या दुसऱ्या रेघेवर आली पाहिजे. लॅम्पच्या मागे स्क्रू असतात, साध्या पेचकसने फिरतात. लॅम्प ७० सेंटीमीटर उंचीवर असेल तर असा लावलेला उजेड साधारण ७० मीटरवर जमिनीला टेकतो.

हे दहा सेंटीमीटर किती नाजूक आहेत ते बघा. लग्नाहून परतताना मागे तिघं, डिकीत आहेराच्या पिशव्या, भांडी, वर केळीचा एखादा घड. गाडीचं बूड पुढच्यापेक्षा पाच सेंटीमीटर जास्त दबलं. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर अडीच मीटर धरलं, तर नाक २ टक्के वर झालं. दहा मीटरला दहा सेंटीमीटर, म्हणजे खाली १ टक्का असलेला उजेड आता वर १ टक्का. ५० मीटरवर तो जमिनीपासून १२० सेंटीमीटरला पोहोचतो, म्हणजे समोरच्या कारवाल्याच्या डोळ्यांच्या उंचीला. बल्ब कंपनीचाच, डिपरही दिलेला, तरी समोरचा शिव्या घालतोय. यासाठीच स्टिअरिंगच्या बाजूला ० ते ३ आकड्यांचं ते चाक असतं. गाडी भरली की ते फिरवायचं. शोरूममध्ये गाडीची पूजा होते, नारळ फुटतो, फोटो निघतो, पण या चाकाबद्दल कोणी बोलत नाही.

एवढं सगळं करूनही कमी वाटलं तर खर्च करा, पण पूर्ण लॅम्पवर करा. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला प्रोजेक्टर किंवा एलईडी लॅम्प येत असेल, तर तो कंपनीकडून, वायरिंगसकट. बल्ब, रिफ्लेक्टर आणि काच एकमेकांसाठी बनलेले असले की रेघ शाबूत राहते. रंग दुधाळ-निळा नको. निळसर उजेड जास्त बोचतो, पन्नाशीपुढच्या डोळ्यांना तर फारच. आणि दुकानदाराला पैसे द्यायच्या आधी लाइट भिंतीवर पाडून दाखव म्हणा. रेघ दिसली तर पैसे, नाही दिसली तर काढ भाऊ परत.

कायदा यात ढिला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांचा १०६ वा नियम सांगतो की लॅम्पपासून ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना दिपवेल असा उजेड नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मोजतो कोण? पीयूसीत धूर बघतात, लाइट नाही. आरटीओच्या फिटनेस तपासणीत लाइट बघतात, पण खासगी कारला ती पंधरा वर्षं लागत नाही. माझ्या मते पीयूसीच्या प्रत्येक केंद्रावर एक भिंत रंगवून दोन रेघा मारल्या तरी निम्मं काम होईल. मशीन नंतर आणा.

दुचाकीवाल्यांना एकच सांगणं. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांची लाइट कायम चालू असते, याचा अर्थ अप्पर कायम चालू ठेवायचा असा नाही. हँडलखाली लावलेल्या त्या छोट्या चौकोनी एलईडींना तर रेघच नसते. त्यांना फॉग म्हटल्याने त्या फॉग लाइट होत नाहीत.

आणि ट्रॅक्टर! रोटाव्हेटर उचलून घराकडे निघालेल्या ट्रॅक्टरचा मागचा, शेतात कामासाठी दिलेला पांढरा दिवा रस्त्यावरही चालूच असतो. मागून येणाऱ्याला वाटतं, कोणीतरी आपल्याच बाजूने समोरून येतंय. तो गोंधळून ब्रेक मारतो किंवा उजवीकडे ओढतो, तिथे खरोखर समोरून कोणीतरी येत असतं. ट्रॅक्टरवाले म्हणतात, मागून कोणी ठोकू नये म्हणून चालू ठेवतो. त्यासाठी लाल रिफ्लेक्टरची पट्टी मिळते, चिकटवायला दोन मिनिटं लागतात, आणि ती चमकते मागच्या गाडीच्या डिपरच्या उजेडात.