अर्धा इंच माया

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या कट्ट्याला कट्टा म्हणणं जरा मोठेपणाचंच आहे. मास्तरांच्या शिलाईच्या दुकानाच्या दोन दगडी पायऱ्या, एक मोडका बाक आणि समोर चहाची गाडी. मास्तर आत मशीनवर, आम्ही बाहेर. बोलणं दोन्हीकडून चालू असतं, आणि मशीनचा आवाज थांबला की समजायचं, मास्तरांना विषय पटलेला नाही.

गेल्या शनिवारी बंड्या कोट घेऊन आला. मेहुण्याचं लग्न पंधरा दिवसांवर. कोट २०१७ साली मास्तरांनीच शिवलेला, बंड्याच्या स्वतःच्या लग्नातला.

"मास्तर, जरा ढिला करून द्या."

मास्तरांनी कोट उलटा केला, अस्तराच्या आतून शिवण आणि तिच्या आत सोडलेलं जादा कापड, म्हणजे माया, चाचपली. "माया अर्धा इंच सोडलीया. सगळी उसवली तरी दीड इंच निघंल. तुला पायजेत तीन."

"मग पट्टी जोडा की."

"कोट हाय का गोधडी?"

बंड्या तिथंच अडून बसला. त्याचं म्हणणं, कोट आटला असणार. कारण त्याची पँट आजही चौतीसच आहे, आठ वर्षांपूर्वी होती तीच. मशीन थांबलं. मास्तरांनी कपाटातून मापांची जुनी वही काढली. लांबडी, लाल कापडी पुठ्ठ्याची. २०१७ च्या पानावर बंड्याचं नाव आणि त्यापुढं: कंबर ३४, पोट ३६. मग टेप गळ्यातून काढून त्याला उभा केला. कंबर ३४. पोट साडेएकोणचाळीस.

"पँट तीच हाय," मास्तर म्हणाले, "खाली घसरलीया एवढंच."

हे मला आजवर कधी सुचलं नव्हतं. आपण पँटचा नंबर सांगतो तेव्हा पोटाचं माप सांगतच नसतो, पोटाच्या खाली पट्टा जिथं अडकतो तिथलं सांगतो. पोट जसं पुढं येतं तशी पँट खाली जाते, आणि माणूस वीस वर्षं छातीठोकपणे चौतीस सांगत राहतो. तयार कपड्यांत तर आणखी सोय. छापलेला चौतीस टेपवर छत्तीस भरतो, गिऱ्हाईक खूश.

निखिलनं मोबाइल काढला. तो पुण्यात आयटीत आहे, शनिवार-रविवार इकडं असतो आणि आल्या आल्या आमची माहिती दुरुस्त करतो. "दक्षिण आशियाई पुरुषांना पोटाच्या घेराची धोक्याची रेघ नव्वद सेंटीमीटर. साडेपस्तीस इंच. युरोपातल्या माणसाला चौऱ्याण्णव. आणि माप बेंबीवर नाही घ्यायचं मास्तर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध घ्यायचं."

"आणि आपल्याला चार सेंटीमीटर कमी का? रेशनवर हाय का?" दादांनी विचारलं.

दादा म्हणजे एसटीतून रिटायर झालेले, तरुणपणी तालमीत घुमलेले. त्यांना उत्तर मी दिलं, कारण हा एक किस्सा मला माहीत होता. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन, या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. म्हणजे उंचीच्या मानानं वजन दोघांचंही एकदम व्यवस्थित. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपली माणसं दिसायला बारीक आणि आतून जाड.

मास्तर सुई हातात धरून ऐकत होते. "म्हंजे दोघांना एकच कोट बसला असता," ते म्हणाले. त्या फोटोवर याहून चांगली टिप्पणी मी वाचलेली नाही.

इथून खरी जुंपली. निखिलचं म्हणणं, पोटाचं पुढं बघू, लग्न पंधरा दिवसांवर आहे. आहे त्या अंगाला शोभेल असं घाला. बारीक झाल्यावर चांगले कपडे शिवीन म्हणणारा माणूस जन्मभर मुलाच्या जुन्या टी-शर्टात फिरतो. आणि त्यात काही खोटं नव्हतं. तो स्वतः साध्या सुती शर्टात होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पायात पायताण, आणि आमच्या सगळ्यांत तोच नीटनेटका दिसत होता. (पायताणाचा विषय निघालाच. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. तरी २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या पुरुषी फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तसलीच चप्पल नाव न घेता चालवली, आणि बोंब झाल्यावर मूळ कोल्हापूरचं असल्याचं मान्य केलं. यावर दादा वीस मिनिटं बोलले. ते सोडून देतो.)

मास्तरांनी निखिलची बाजू निम्मी उचलून धरली. पोट असलेल्या माणसानं पँट पोटाखाली बांधू नये, वर घ्यावी, पुढं एक चुणी टाकावी, म्हणजे कापड सरळ पडतं. शर्ट घ्यायचा तो खांद्यावर बघून घ्यायचा. शिवण खांद्याच्या हाडावर आली पाहिजे. पोटाला ढिला मिळावा म्हणून एक साइझ मोठा घेतला की खांदे दंडावर लोंबतात आणि माणूस दुसऱ्याचा शर्ट मागून आणल्यासारखा दिसतो. बाकी सगळं आत घेता येतं, बाहेर काढता येतं. खांद्याला हात लावायचा म्हणजे शर्ट पुन्हा शिवणंच. आणि कोटाचं बटण लावल्यावर पुढं सुरकुत्यांची फुली पडली, तर तो कोट आपला राहिला नाही.

"म्हणजे नवीन शिवू?" बंड्या.

"शीव. कापड आण. पण मला शिलाई द्यायच्या आधी येक सांग. तुझ्या घरात तेलाचा डबा किती दिस पुरतो?"

बंड्याला माहीत नव्हतं. त्यानं तिथूनच बायकोला फोन लावला. पाच लिटरचा डबा, माणसं चार, महिना पुरत नाही. निखिलनं लगेच हिशेब मांडला: पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो, माणशी रोजचं अडतीस ग्रॅम. आणि यात बाहेरची मिसळ, वडा, भजी धरलेली नाहीत.

"मिसळ काय भाईरचं खाणं हाय?" दादा दुखावलेच.

मास्तर गेली सहा वर्षं एकटेच राहतात. बायको वारल्यावर पहिले काही महिने खानावळीचा डबा खाल्ला, मग सोडला. त्यांना एक लिटरची पिशवी दीड महिना जाते. म्हणजे रोजचे वीस ग्रॅम, हाही हिशेब निखिलचाच. तेल ते पळीनं ओतत नाहीत, चहाच्या चमच्यानं मोजतात. "कापड बेतल्याबिगर कातर लावत न्हाई," म्हणाले, "मग तेल का वतायचं अंदाजपंचे?"

बंड्याचं उत्तर तयार होतं. वेळ नाही. सकाळी साडेनवाला बँक, रात्री आठला घर. आणि स्वयंपाक बायको करते, तिला काय सांगायचं? यावर मात्र निखिल आणि मास्तर एकदम तुटून पडले. तिला सांगायचं नाही, तू करायचं. शर्टाला इस्त्री स्वतः करतोस ना? त्याला दहा मिनिटं लागतात. मोड आलेल्या मुगाची उसळ कुकरला एका शिट्टीत होते.

मोडांवरून कापडाचा विषय पुन्हा आत शिरला. मास्तरांकडे पांढऱ्या सुती कापडाच्या कातरणी असतात. त्यांतली मोठी ते मोड आणायला नेतात. मूग रात्रभर भिजवायचे, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायचे, संध्याकाळी मोड. टेरिकॉटचं फडकं चालत नाही. ते पाणी धरत नाही, मूग चिकट होतात. "जे मुगाला चालत न्हाई ते मे म्हैन्यात तुझ्या पाठीला कसं चालंल?" असं म्हणून त्यांनी बंड्याच्या चकचकीत शर्टाची बाही दोन बोटांत धरून सोडून दिली.

भाकरीवर दादा आणि मास्तर यांचं जमलं. बाकी कशावरच जमत नाही. २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हा निखिलच्या ऑफिसात ज्वारीची बिस्किटं वाटली होती. दादांना त्याचं भारी हसू. शाळूची भाकरी त्यांच्या घरी कधी बंदच झाली नव्हती. मास्तरांना मात्र साठीत शिकावी लागली. पहिला महिना प्रत्येक भाकरी परातीतून उचलताना मोडायची. शेजारच्या मावशींनी पीठ बघितलं आणि म्हणाल्या, "विरी गेलीया ह्याची." ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, पीठ जुनं झालं की उरलासुरलाही जातो. तेव्हापासून ते आठवड्याचंच दळण आणतात, आणि पीठ मळायला उकळतं पाणी घेतात. आता पापुद्रा सुटतो म्हणाले. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कुठल्याही कोटाच्या ट्रायलला पाहिलेलं नाही.

मी गप्प होतो. मला चहा आणि आम्लेट यापलीकडं काही येत नाही, आणि माझी पँट छत्तीस आहे. निदान मी छत्तीस सांगतो.

दादांची भूमिका वेगळीच. त्यांच्या मते सगळा दोष खाण्याचा नाहीच. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर ते आजही म्हशीचं धारोष्ण दूध पितात, तालमीत असताना पीत होते तेवढंच. तूप तेवढंच. बदाम तेवढेच.

"आणि जोर-बैठका?" मास्तरांनी आतून विचारलं.

दादा चहावाल्याशी बोलायला लागले.

"खुराक पैलवानाचा आणि कामं रिटायर माणसाची," निखिल हळूच म्हणाला. हळूच, पण ऐकू जाईल इतपत. दादांनी त्याला लेका, तुझा जन्म व्हायच्या आधी मी खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरलोय, इथपासून सुरुवात करून बरंच काही ऐकवलं. त्यात एक मुद्दा खरा होता: तालमीतल्या पोराला मूग, भाकरी, दूध द्या, तो उभा राहील. बँकेतल्या माणसाला तेच द्या आणि नऊ तास बसवा, त्याचा टेप पुढंच जाणार. निखिलला हे मान्य नव्हतं. त्याच्या मते ताटातलं निम्मं तरी हिशेबात येतंच. मास्तरांनी कुणाचीच बाजू घेतली नाही.

शेवटी बंड्यानं कोट परत पिशवीत घातला. उसवू नका म्हणाला, तसाच ठेवतो, लग्नाला साधा शर्ट आणि जाकीट घालतो. जाकिटाचं कापड किती लागेल ते मास्तरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, पन्ह्यासकट, म्हणजे कापडाच्या रुंदीसकट, आणि त्याच चिठ्ठीच्या मागं लिहिलं: मूग पाव किलो. कातरणीतलं एक स्वच्छ फडकंही दिलं. बंड्यानं ते खिशात घातलं. वापरील का, मला शंका आहे.

"आता दादांचं घ्या माप," निखिल म्हणाला.

दादा नको नको म्हणत उठले, पण उठले. मास्तर पायरीवर आले. वहीत दादांचं पान जुनं होतं, १९९१ चं, सफारी शिवली होती तेव्हाचं. टेप पोटाभोवती आला तसा दादांनी छातीभर श्वास घेतला आणि पोट आत ओढून धरलं, तालमीत फोटो काढताना धरत असतील तसं.

"सोडा दादा," मास्तर म्हणाले.

दादा मानेनंच नाही म्हणाले. मास्तरांच्या एका हातात टेप, दुसऱ्यात पेन्सिल. चहावालाही गाडी सोडून बघायला आला.