चाकरमान्यांनी पावती फाडावी

एप्रिल २०२५ ची गोष्ट. पहिलीपासून हिंदी सक्तीचा जीआर निघाला १६ तारखेला आणि आमच्या घरच्या ग्रुपवर नुसता धुरळा. मी पण इथे अमेरिकेत, कॅन्सासमध्ये, शनिवारी चहा पिता पिता चांगला दोन स्क्रीन भरेल एवढा मेसेज लिहिला, सहा वर्षाच्या पोरांवर तीन तीन भाषा कशाला लादताय, आधी एक तरी धड येऊ दे वगैरे. मला वाटलं बरं लिहिलंय. डोंबिवलीच्या चुलत भावाचं उत्तर एका ओळीचं, "गेले ते गेले, त्यांनी आता इथलं शिकवू नये." पुढे हात जोडलेला इमोजी. जूनच्या शेवटी सरकारने जीआर मागे घेतला. दादाने वाक्य काही मागे घेतलं नाही.

घरात बसलो तर परत काहीतरी टाइप करीन म्हणून गाडी काढली, विचिटावरून टर्नपाइक, म्हणजे टोलचा हायवे, धरला, कॅसोडेला उतरून १७७ नंबरच्या रस्त्याने वर बाझार नावाच्या गावापर्यंत गेलो. नाव बाझार आणि दुकान एक दिसेल तर शपथ. आजूबाजूचे डोंगर गवत जाळून काळेकुट्ट केलेले, मधूनच कोवळं हिरवं, आणि काच खाली केली की थेट राब भाजल्याचा वास. संगमेश्वरला असाच येतो. हे मी दादाला सांगितलं असतं तर म्हणाला असता, झालं तुझं नॉस्टॅल्जिया सुरू.

या बाझारजवळ ३१ मार्च १९३१ ला एक विमान पडलं, आठ माणसं गेली. त्यातला एक क्नूट रॉकनी. नोटर डेम विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा कोच, तेरा सीझनमध्ये १०५ सामने जिंकले आणि हरले फक्त १२. पण आमच्या विमानांच्या धंद्यात तो फुटबॉलसाठी माहीत नाही, पंखासाठी माहीत आहे. ते फॉकर एफ-१० होतं, पंख लाकडाचा, आतले जोड सरसाने चिकटवलेले, ओल शिरून सरस सुटला आणि हवेतच पंख तुटला. एवढा मोठा माणूस गेला म्हणून लोकांनी सरकारच्या मागे टुमणं लावलं की कारण सांगा, फॉकर काही काळ जमिनीवर बसवली, आणि मग सगळ्यांना धातूची विमानं हवीशी झाली, डग्लस कंपनीची डीसी विमानांची मालिका त्यातूनच आली. (आता शंभर वर्षं होत आली आणि आम्ही परत कंपोझिटचे, म्हणजे धागे आणि रेझिनचे, पंख चिकटवतोय आणि जोड सुटला का ते तपासायचा पगार मी घेतो. असो.)

तर हा रॉकनी जन्माने नॉर्वेचा, व्हॉस नावाच्या गावचा, १८८८ चा. बाप घोडागाड्या बनवायचा, शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने आला आणि मागून बायकोमुलांना बोलावून घेतलं. पोरगा पाच वर्षांचा. नावाचं स्पेलिंग इथे बदललं, एक अक्षर वाढलं. पुढे पोस्टात काही वर्षं काम करून पैसे साठवले आणि बाविसाव्या वर्षी कॉलेजात गेला, तेही नोटर डेमला, कॅथलिक कॉलेजात, हा घरचा लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट. शिकला फार्मसी, शिकवली केमिस्ट्री, आणि १९२५ मध्ये धर्म पण बदलला, कॅथलिक झाला. आणि टीमचं नाव काय तर फायटिंग आयरिश! नॉर्वेचा माणूस आयरिश लोकांचा देव झाला. आमच्याकडे ढोल पथकात कोणाला घ्यायचं यावर तीन दिवस भांडण चालतं.

आता मुद्दा असा की हा माणूस सगळ्या अर्थाने 'गेला' होता. भाषा, धर्म, नावाचं स्पेलिंग, काय राहिलं होतं? तरी तो मेल्यावर नॉर्वेच्या राजाने, सातव्या हाकोनने, त्याला मरणोत्तर सन्मान दिला आणि अंत्यविधीला आपला प्रतिनिधी पाठवला. इकडे राष्ट्राध्यक्ष हूव्हर म्हणाले राष्ट्राची हानी झाली. दोन्ही देशांनी आपला म्हटलं. आणि मला सख्खा चुलत भाऊ ग्रुपवर पण आपला म्हणत नाही.

हे मी तिथे रस्त्याकडेला उभा राहून मनातल्या मनात दादाला ऐकवत होतो. (अपघाताचं स्मारक खाजगी कुरणात आहे, उठलं आणि गेलं असं होत नाही. विमान पडलं त्या दिवशी तिथे धावत आलेल्यांत शेतकऱ्याचा एक तेरा वर्षांचा मुलगा होता, त्याने पुढे म्हातारपणापर्यंत त्या जागेची देखभाल केली, त्याला कोणी सांगितलं होतं?) पण ऐकवताना लक्षात आलं की रॉकनीने काही व्हॉसला मेसेज पाठवले नव्हते, तुमच्या शाळेत काय शिकवा म्हणून. आणि राजाने सन्मान दिला तो हा जिंकलेला होता म्हणून. बाकी सात जणांची नावं मला पण पाठ नाहीत.

आणखी एक आठवलं, जे आठवायला नको होतं. दादा तरी कुठला डोंबिवलीचा? आमचे दोघांचे बाप चाकरमानी, गिरगावात एका खोलीत राहिले. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला तेव्हा बाबा मीटिंगला बोलायला उठले, पत्रे नकोत कौलंच ठेवा म्हणून, तर गावातल्या एका आजोबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "चाकरमान्यांनी पावती फाडावी, गणपतीला यावं, प्रसाद घ्यावा." बाबा खाली बसले. पत्रेच आले. बसमध्ये मुंबईपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. मी तेव्हा नववीत होतो आणि मला मनातून त्या आजोबांचं पटलं होतं.

आणि खरं सांगायचं तर पुण्याला गेलो की रिक्षावाला हिंदीत बोलला की माझं डोकं फिरतं, इथे येऊन इथली भाषा शिकायला काय होतं म्हणतो, आणि माझी मुलगी, जिच्यासाठी मी मातृभाषेवर दोन स्क्रीन लिहिले नाहीत ती, आजीशी व्हिडिओ कॉलवर "हो" आणि "जेवले" या दोन शब्दांवर निभावते. देवनागरी वाचता येत नाही तिला. रविवारची मराठी शाळा होती, स्विमिंगशी क्लॅश व्हायची, आम्ही स्विमिंग ठेवलं. हे ग्रुपवर कोणाला माहीत नाही. शिकागोच्या लोगन स्क्वेअरमध्ये, जिथे रॉकनी वाढला, तिथल्या चर्चमध्ये अजून नॉर्वेजियन भाषेत प्रार्थना होते, मी ते वाचून किती खूश झालो होतो, बघा टिकते भाषा परदेशात! टिकवणारे दुसरे असले की फार बरं वाटतं.

येताना क्विकट्रिपच्या पेट्रोल पंपावर थांबून दादासाठी लांबलचक उत्तर लिहिलं, रॉकनी, राजा, पत्रे, सगळं. पाठवलं नाही. रात्री त्याचाच मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकट्याला. गावच्या घराच्या घरपट्टीच्या पावतीचा फोटो, वाकडा काढलेला, खाली, "तुझे अर्धे. आणि पडवीची कौलं बदलायचीत, काय करू सांग."