‘पैसा कळायला तो रक्तातच असावा लागतो’ हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. आधी आमच्या फॅमिली ग्रुपवर आला, मग शाळेच्या स्टाफ ग्रुपवर, परवा सोसायटीच्या ग्रुपवर पण. शब्द थोडे इकडचे तिकडे पण सांगणं एकच, की पैसा समजणं हे रक्तात असावं लागतं आणि मराठी नोकरदार माणसाच्या ते रक्तात नाही, ज्याचं गणित कच्चं त्याने तर या भानगडीत पडूच नये, पगार थोडका असेल तर शिकून तरी काय करणार, त्यापेक्षा एक माहितीतला माणूस धरा आणि सगळं त्याच्यावर सोपवून मोकळे व्हा, आणि चाळिशी ओलांडली असेल तर आता राहूच द्या. खाली हात जोडलेले. माझा भाचा नुकताच पुण्यात पहिल्या नोकरीला लागलाय, त्याने त्याखाली ‘अगदी खरंय’ असं लिहिलं आणि ते वाचून मला राहवलं नाही, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

आधी माझं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी शाळेत मराठी शिकवते. पैशाचा कागद हातात आला की माझ्या छातीत धडधडायचं, अगदी खरं सांगते, बँकेचं पत्र आलं की मी ते न उघडता कपाटात ठेवायचे. बाबा २०२१ मध्ये गेले. त्यांच्या एका खात्याला नॉमिनी, म्हणजे माणूस गेल्यावर पैसे कुणाकडे द्यायचे ते नाव, लावलेला नव्हता, त्यामुळे वारसाच्या कागदांसाठी आईला आणि मला दीड वर्ष हेलपाटे पडले, आणि शेवटी सहा लाख आईच्या सेव्हिंग खात्यात आले. तिथेच राहिले. २०२३ च्या मे पासून पुढची दोन वर्षं, साधारण तीन टक्क्यांनी, कारण त्यांचं काय करायचं हे विचारायला जायचीसुद्धा मला भीती वाटत होती. त्याच काळात पोस्टातल्या सीनियर सिटिझन स्कीमला ८.२ टक्के व्याज मिळत होतं. म्हणजे वर्षाला १८ हजार मिळत होते तिथे ४९ हजार मिळाले असते. आईच्या वर्षभराच्या औषधांपेक्षा जास्त आहे हा फरक. मेसेज जो सल्ला देतोय तो मी आधीच पाळून बघितलाय, डोकं घालायचं नाही हा, आणि त्याची किंमत माझ्या आईने भरलीये.

आता रक्ताचा मुद्दा. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डॉक्टरेट मिळवली ती रुपयाच्या प्रश्नावर, १९२३ साली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, १९४३, आपल्या रायगड जिल्ह्यातले. पण मला माहितीये, मोठी नावं घेतली की लोक म्हणतात ते वेगळे हो, ती माणसंच वेगळी. म्हणून आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींचं सांगते. त्यांचा बारा जणींचा बचत गट आहे, महिन्याला दोनशे रुपये प्रत्येकी, आणि आतल्या आत कर्ज द्यायचं ते शेकडा दोन रुपये महिना व्याजाने. मावशी चौथी शिकलेल्या. पण पाच हजार घेतले तर महिन्याचं व्याज शंभर, आणि मुद्दल हजाराने फेडलं की पुढच्या महिन्यात ऐंशी, हे त्या भाकरी थापता थापता सांगतात. त्यांच्या माहेरी सासरी कुणाचाही धंदा नव्हता. गटाची दर महिन्याला मीटिंग होते, रजिस्टर मोठ्याने वाचलं जातं, कुणाचं किती थकलं ते सगळ्यांसमोर येतं, आणि हे दहा वर्षं ऐकून ऐकून त्यांना आलंय. नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण भागासाठीच्या सरकारी बँकेने, १९९२ मध्ये बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून अशा लाखो बायका हिशोब शिकल्यात. ज्या घरात जेवताना पैशाबद्दल बोलतात त्या घरातल्या पोरांना पैसा कळतो, आमच्या घरात बाबा पगाराचा आकडासुद्धा सांगत नव्हते, मग आम्हाला कुठून कळणार. याला रक्त म्हणायचं असेल तर स्वयंपाकपण रक्तातच म्हणायला पाहिजे.

गणिताचं. इथे मला सगळ्यात जास्त चीड येते कारण मला दहावीला गणितात काठावर मार्क होते आणि वीस वर्षं मी तेच कारण स्वतःला देत आले. घरच्या पैशासाठी लागतं काय तर बेरीज वजाबाकी, टक्के, आणि एक सोपी युक्ती, की ७२ ला व्याजदराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते कळतं. एफडी ७ टक्के असेल तर दहा वर्षं आणि वर काही महिने. हेच महागाईला लावा, ६ टक्क्यांनी भाव वाढत राहिले तर बारा वर्षांत आजचा किराणा दुप्पट. बास, एवढं आलं की निम्म्या जाहिराती वाचता येतात.

एक उदाहरण देते, आमच्या स्टाफरूममधलंच, त्यांना विचारून. एका सहकाऱ्याचे क्रेडिट कार्डवर ५० हजार थकलेले. ते दर महिन्याला कमीत कमी भरायची जी रक्कम लिहिलेली असते, अडीच हजार, ती न चुकता भरत होते आणि त्यांना वाटत होतं फेडतोय. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे १७५०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३१५. राहिले किती, तर ४३५. अडीच हजारातले फक्त ४३५ रुपये मुद्दलातून कमी होत होते! हे आम्ही डबा खाता खाता वहीच्या मागच्या पानावर केलं, पाचवीच्या पोराला येईल एवढं गणित आहे. त्यांनी बायकोशी बोलून एक एफडी मोडली आणि कार्ड एकदाच मोकळं केलं. त्यांचं गणित माझ्यापेक्षा चांगलंय खरं तर. त्यांनी स्टेटमेंट उघडून बघितलं नव्हतं एवढंच, आणि बघितलं नव्हतं कारण भीती वाटत होती. म्हणून माझं म्हणणं असं की मेसेजवाल्यांनी भीतीला गणिताचं नाव दिलंय, आणि माणूस एकदा म्हणाला मला गणित येत नाही की मग तो कागद उघडतच नाही.

थोडा पगार असेल तर शिकून काय उपयोग, हा पुढचा. उलट आहे ओ. ज्याच्याकडे पन्नास लाख आहेत त्याची एखादी चूक पचून जाते, ज्याचा पगार १५ हजार आहे त्याला एक दवाखाना दोन वर्षं मागे नेतो. आमच्या गल्लीतले एक रिक्षावाले दादा वारले, वहिनींना वाटलं मागे काहीच नाही. त्यांच्या पासबुकात दर मे महिन्यात ४३६ रुपये कापल्याची एक नोंद होती, शेजारच्या मुलीने ती वाचली आणि म्हणाली हा विमा आहे. प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना, वर्षाला ४३६ रुपये, १८ ते ५० वयात घेता येते आणि माणूस गेला तर दोन लाख. अपघाताची वेगळी आहे, सुरक्षा विमा, ती वर्षाला २० रुपये. दोन लाख मिळाले वहिनींना. खातं उघडताना कुणीतरी फॉर्मवर सही घेतली असणार आणि दादांना बहुतेक माहीतही नव्हतं, ती नोंद कुणी वाचलीच नसती तर पैसे तसेच राहिले असते. घरी जाऊन पासबुक बघा, ४३६ आणि २० ची ओळ आहे का, आणि मे संपायच्या आत खात्यात तेवढे पैसे असतात का. नसतील तर विमा बंद पडतो.

आता तो माहितीतला माणूस. या मुद्द्यावर जरा थांबते कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात.

माहितीतला माणूस म्हणजे बहुतेक वेळा नात्यातला एजंट, आणि तो वाईट असतो असं मी अजिबात म्हणत नाहीये, आमचे काका स्वतः एजंट होते आणि रात्री अकराला फोन केला तरी यायचे. पण त्यांनी मला जी पॉलिसी दिली होती ती अशी, वर्षाला ५० हजार, वीस वर्षं, शेवटी साधारण २० लाख. काका म्हणाले डबल होतात बघ. दहा लाख भरायचे, वीस मिळायचे. मला वाटलं वा. कितीतरी वर्षांनी मी बसून हिशोब केला तेव्हा कळलं की हे साधारण सहा टक्के आहेत. आणि तेच ५० हजार दर वर्षी पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीच्या बचत खात्यात भरले, तो १५ वर्षांचा असतो आणि पुढे पाच पाच वर्षं वाढवता येतो, तर आताच्या ७.१ टक्क्यांनी वीस वर्षांत २२ लाखांच्या वर होतात. पॉलिसीत विमा असतो हे खरं, पण माझ्या पॉलिसीतला विमा होता दहा लाखांचा, दोन पोरं असलेल्या घराला दहा लाख किती दिवस पुरणार. नुसता टर्म प्लॅन, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा विमा, वेगळा घेतला तर याच्या कितीतरी कमी हप्त्यात खूप मोठं संरक्षण मिळतं, फक्त शेवटी पैसे परत मिळत नाहीत म्हणून आपल्याला ते वाया गेल्यासारखं वाटतं. काकांनी फसवलं नाही. पण पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला चांगला मोठा वाटा कमिशनमध्ये जातो हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, काकांना असं कसं विचारायचं म्हणून.

विचारायचं. यातून तुम्हाला किती मिळणार, मध्येच सोडलं तर माझ्या हातात किती येणार, आणि हे वर्षाला किती टक्के पडतं. खऱ्या माणसाला याचा राग येत नाही. आणि घाईत सही झालीच असेल तर नवीन विमा पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, किरकोळ कापून पैसे मिळतात, हे फार कमी लोकांना माहितीये.

विश्वासाचं अजून एक. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते, मुंबईतल्या त्या रांगा आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितल्यात. तेव्हा ठेवींवरचा विमा एक लाखाचा होता, ४ फेब्रुवारी २०२० पासून तो पाच लाख झाला. पाच लाख म्हणजे एका माणसाचे एका बँकेतले सगळ्या शाखांचे मिळून, व्याजासकट. तीन शाखांत पाच पाच लाख ठेवले तर पंधरा होत नाहीत. आणि महाराष्ट्रात सगळ्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट, पतसंस्था म्हणजे बँक नाही, तिला हा विमा लागू नाही. पतसंस्था एक दीड टक्का जास्त देते, चेअरमन गावातले असतात, लग्नाकार्यात भेटतात, म्हणून लोक रिटायरमेंटचा सगळा पैसा तिथे ठेवतात. चांगल्या पतसंस्था आहेत, आमच्या सासरच्या गावात एक उत्तम चालते, तरीपण आयुष्याची सगळी पुंजी एकाच ठिकाणी आणि तेही विम्याशिवाय, हे चेअरमन देवमाणूस असला तरी करू नये.

याच मुद्द्यात बायकांचंही येतं, कारण बायकांच्या ग्रुपवर तो माणूस म्हणजे नवरा असं लिहिलेलं फिरतंय. नवरा कितीही चांगला असो, कुठल्या बँकेत काय आहे आणि नॉमिनी कोण आहे हे तुम्हाला माहीत पाहिजे. माझी आई पदवीधर आहे, बाबांच्या माघारी तिला स्वतःचा एटीएम पिन माहीत नव्हता. ते दिवस आठवले की अजूनही मला त्रास होतो.

चाळिशीनंतर उशीर झाला म्हणतात, त्याला छोटंसं उत्तर. मी ४१ व्या वर्षी पीपीएफ उघडला, महिन्याला पाच हजार. ७.१ टक्के टिकले तर पंधरा वर्षांत नऊ लाख भरून साडेपंधरा लाखांच्या वर जातील. पंचविशीत उघडला असता तर जास्त झाले असते हे मला कळतं, पण उघडलाच नसता तर? पैसे पाच तारखेच्या आत भरा, कारण पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल त्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात. शेअर, म्युच्युअल फंड यावर मी इथे मुद्दाम लिहीत नाहीये, ते मी अजून शिकतेय, आणि आधी घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला, मेडिक्लेम आणि टर्म हे झाल्याशिवाय तिकडे वळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आईचे सहा लाख आता पोस्टात आहेत. तीन महिन्यांनी १२,३०० येतात. पहिल्यांदा आले तेव्हा तिने पासबुक भरून आणलं आणि ती नोंद मला बोट ठेवून वाचून दाखवली.

आणि आता भाच्यासाठी, तू हे वाचणार आहेस म्हणून. तुझ्या सॅलरी स्लिपवर पीएफ म्हणून एक रक्कम कापलेली दिसेल, बेसिकच्या १२ टक्के, तेवढीच कंपनीने पण भरायची असते, तिच्या वाट्यातला काही भाग पेन्शनला जातो. ती खरंच भरली जातेय का हे यूएएन नंबर, म्हणजे पीएफचा तुझा स्वतःचा नंबर, टाकून पाच मिनिटांत बघता येतं. नॉमिनी पण तिथेच भरायचा असतो, तो तू भरलेला नसणार. रविवारी जेवायला येशील तेव्हा स्लिप घेऊन ये, माझ्या आईला पण बसवू आपल्यासोबत.