‘लहान वीजसंस्थेवर कोण हल्ला करणार?’ : एका संदेशाचा प्रतिवाद

अमेरिकेतील एका लहान नगराच्या मालकीच्या वीजसंस्थेच्या संचालक मंडळावर माझी धाकटी बहीण आहे. सायबर सुरक्षेच्या खर्चावर मतदान तोंडावर आलेले असताना तिला एक संदेश आला आणि ‘यात तथ्य आहे का?’ असे विचारत तिने तो मला पाठवला. संदेशाचे म्हणणे असे की, हॅकर मोठ्या कंपन्यांच्याच मागे असतात. वीज नियंत्रणाची यंत्रणा इंटरनेटला जोडलेली नसते. हल्ला झालाच तर हाताने स्विच चालवता येतात. आणि सायबर सुरक्षा हा निव्वळ सल्लागारांचा धंदा आहे. असले लिखाण एरवी दुर्लक्षून सोडता येते, पण त्याच्या भरवशावर मतदान होणार असेल तर उत्तर देणे भाग आहे.

पहिला मुद्दा सर्वांत घातक. मॅसॅच्युसेट्समधील लिटलटनची नगरसंस्था लिटलटन आणि शेजारचे बॉक्सबरो एवढ्या दोनच गावांना वीज पुरवते. अमेरिकी यंत्रणा ज्याला चीन सरकारचा पाठिंबा असल्याचे सांगतात, तो व्होल्ट टायफून गट तिच्या संगणकजाळ्यात ३०० हून अधिक दिवस मुक्काम ठोकून होता, आणि हे उघड झाले ते २०२३ च्या अखेरीस एफबीआयने कळवल्यानंतर. ड्रॅगोस या औद्योगिक सुरक्षा कंपनीने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार घुसखोरांना रस होता तो यंत्रणा चालवण्याच्या कार्यपद्धतींत आणि वीजजाळ्याच्या भौगोलिक मांडणीत. खंडणीखोर निदान पैसे मागण्यासाठी तरी समोर येतो. हे मात्र पुढे कधीतरी उपयोगी पडेल म्हणून गुपचूप बसून राहिले होते. शिवाय इंटरनेटवर असुरक्षित उपकरणे शोधत फिरणारे प्रोग्राम संस्थेचा आकार पाहत नाहीत, आणि लहान संस्थेत रात्रंदिवस लक्ष ठेवायला माणसे नसतात, हे हल्लेखोरांना पुरते ठाऊक असते.

‘जोडलेली नसते’ या दाव्याचे उत्तर युक्रेनने २०१५ मध्येच दिले आहे. तिथे कार्यालयीन ईमेलच्या जोडपत्रांतून शिरलेले हल्लेखोर, चोरलेले पासवर्ड वापरून, दुरून काम करण्यासाठी ठेवलेल्या वाटेनेच नियंत्रण कक्षापर्यंत पोहोचले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली.

हाताने स्विच चालवण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते : युक्रेनच्या कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांत जाऊन काही तासांतच पुरवठा सुरू केला. पण देयकांच्या नोंदी हाताने परत येत नाहीत. कोलोरॅडोतील डेल्टा-मॉन्ट्रोज या सहकारी वीजसंस्थेवर नोव्हेंबर २०२१ मध्ये हल्ला झाला तेव्हा दिवे चालूच राहिले, मात्र अंतर्गत संगणक यंत्रणांपैकी सुमारे ९० टक्के आणि वीसहून अधिक वर्षांची माहिती संस्थेने गमावली. सभासदांच्याच मालकीच्या संस्थेत हा भुर्दंड शेवटी सभासदांवरच पडतो.

राहिला सल्लागारांचा धंदा. काही जण भीती विकतात, हे खरे. पण दुहेरी पडताळणी सुरू करणे, बिनवापराचे दूरस्थ प्रवेश बंद करणे आणि जाळ्याबाहेर बॅकअप ठेवणे यांसाठी त्यांची महागडी उत्पादने लागत नाहीत. त्यापलीकडच्या खर्चासाठी २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने ग्रामीण व नगरपालिका वीजसंस्थांकरिता २५ कोटी डॉलरची तरतूदही केली आहे. मतदानापूर्वी बहिणीने मंडळाला दोनच प्रश्न विचारावेत : बाहेरचे कंत्राटदार आपल्या जाळ्यात कोणकोणत्या वाटांनी येतात, आणि बॅकअपवरून संपूर्ण यंत्रणा प्रत्यक्ष उभी करून शेवटची कधी पाहिली होती?